पहाट आणि महारात्री : माओरी परंपरेतील मृत्युदेवता



स्मृतिव्याख्यानासाठी निमंत्रण आले की वक्त्यापुढे पहिला प्रश्न विषयाचा असतो. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजनांच्या आवडीचा विषय घ्यावा, ही रीत सर्वमान्य आहे. परंतु स्मृतिव्याख्यानाचा खरा विषय न सांगताही सभागृहात हजर असतो आणि तो म्हणजे मृत्यू. आपण त्याच्याभोवती हार घालतो, समई लावतो, दोन मिनिटे उभे राहतो आणि मग संतसाहित्यावर किंवा शिक्षणपद्धतीवर बोलू लागतो. आज मी त्या हजर असलेल्या पाहुण्याबद्दलच बोलावे असे ठरविले आहे. मात्र त्याला, किंवा अधिक अचूक सांगायचे तर तिला, मी फार दूरच्या समुद्रातून बोलावून आणले आहे.

तिचे नाव हिने-नुई-ते-पो. 'हिने' म्हणजे मुलगी, स्त्री; 'नुई' म्हणजे थोर; 'पो' म्हणजे रात्र, अंधार. रात्रीची थोर स्त्री. न्यूझीलंडमधील माओरी लोकांची ही मृत्युदेवता. दैवतकथांच्या इंग्रजी कोशांत तिच्या वाट्याला बहुधा चार ओळी येतात : पाताळाची भयंकर राणी, तिने माऊई या वीराला चिरडून मारले आणि म्हणून माणसे मरतात. या चार ओळी चुकीच्या आहेत असे म्हणता येणार नाही. पण एखाद्या बाईची ओळख करून देताना तिच्या आयुष्याचा शेवटचा दिवस तेवढा सांगावा, तसा हा प्रकार आहे. तिची आधीची कहाणी कळली की त्या शेवटच्या दिवसाचा अर्थ बदलतो, हे मला आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

थोडी भूगोलाची उजळणी करू. पॅसिफिक महासागरात उत्तरेला हवाई, आग्नेयेला ईस्टर बेट म्हणजे रापा नुई आणि नैर्ऋत्येला न्यूझीलंड असा एक प्रचंड त्रिकोण कल्पावा; त्यातील बेटांना पॉलिनेशिया म्हणतात. तेथील भाषा एकमेकींच्या बहिणी आहेत आणि त्यांचे गोत्र थेट मलायापर्यंत, त्यापलीकडे तैवानपर्यंत पोचते. डोळ्याला माओरीत 'माता' म्हणतात, मलायी भाषेतही 'माता'च म्हणतात. होकायंत्राशिवाय, तारे, लाटा आणि पक्षी यांच्या आधारे हे दर्यावर्दी बेटामागून बेट वसवीत गेले. न्यूझीलंड त्यांना सर्वांत शेवटी, इसवी सनाच्या तेराव्या शतकाच्या सुमारास गवसले. इतक्या विस्तारात दैवते एकसारखी राहणार नाहीत, हे उघड आहे. सामोआत अधोलोकाचा स्वामी पुरुष आहे. हवाईत मिलू हाही पुरुषच. टोंगामधील हिकुलेओला काही कथाकार पुरुष मानतात, काही स्त्री. तेव्हा 'पॉलिनेशियन मृत्युदेवता' असा एकच साचा करता येत नाही. मी मुख्यतः माओरींच्या देवतेबद्दल बोलणार आहे आणि मध्ये एकदा मांगाइआ या लहानशा बेटावर जाऊन येणार आहे.

प्रथम ती प्रसिद्ध कथा, जगाला ज्या क्रमाने कळली त्या क्रमाने.

माऊई हा भावंडांतील धाकटा, अर्ध्या दिवसांत जन्मलेला. आईने त्याला आपल्या केसांच्या अंबाड्यात गुंडाळून समुद्रात सोडले आणि समुद्राने त्याला वाढविले. हा खोडकर, धाडसी, कोणतीही मर्यादा न मानणारा वीर. सूर्य फार वेगाने पळतो म्हणून त्याने दोरांचे फासे टाकून सूर्याला पकडले आणि बदडून संथ चालायला लावले. माहुइका या अग्निदेवतेची नखे एकेक करून मागून घेतली आणि अग्नी पृथ्वीवर आणला. आजीच्या जबड्याच्या हाडाचा गळ करून समुद्रातून एक विराट मासा ओढून काढला; न्यूझीलंडच्या उत्तर बेटाला माओरी आजही 'माऊईचा मासा' म्हणतात. एवढे पराक्रम झाल्यावर उरला एकच शत्रू.

एके दिवशी त्याचा बाप माकेआ-तूतारा त्याला म्हणतो, पोरा, तुझ्या जन्मसंस्काराच्या वेळी मंत्र म्हणताना माझ्याकडून घाईत काही भाग गळला. देव याचा जाब विचारतील. तुझा पराभव होणार आहे. माऊई विचारतो, कोणाकडून? बाप क्षितिजाकडे बोट दाखवितो. जिथे आभाळ जमिनीला टेकते तिथे काहीतरी उघडझाप करताना चमकते आहे, ती तुझी थोर पूर्वजा हिने-नुई-ते-पो. तिचे डोळे लालसर चमकतात, बुबुळे हिरव्या रत्नपाषाणाची आहेत, दात ज्वालामुखीच्या काचेसारखे धारदार, केस समुद्रशेवाळाच्या गुंत्यासारखे आणि तोंड दातेरी माशासारखे आहे.

माऊई पक्ष्यांना सोबत घेऊन निघतो. ती झोपलेली असते. बेत असा की, ज्या वाटेने माणूस जगात येतो त्या वाटेने तिच्या देहात शिरायचे आणि तोंडातून बाहेर पडायचे. ते साधले तर मृत्यूच मरेल. तो पक्ष्यांना बजावतो, मी बाहेर येईपर्यंत कोणी हसू नका. तो शिरतो, अर्धा आत जातो, पाय बाहेर वळवळत असतात. पक्षी चोची दाबून धरतात, पण इवल्याशा पीवाकावाकाला ते दृश्य सहन होत नाही; तो खळखळून हसतो. ती जागी होते, मांड्या मिटते आणि माऊई संपतो.

पक्षिनिरीक्षणाची आवड असलेल्या विद्यार्थ्यांसाठी जाता जाता सांगतो : शेपटीचा पंखा पसरून फांदीफांदीवर थिरकणारा जो नाचण पक्षी आपल्या बागांत दिसतो, त्याचा हा पीवाकावाका अगदी जवळचा भाऊबंद, पक्षिशास्त्र दोघांना एकाच प्रजातीत गणते. हा पक्षी घरात शिरला तर घरात मृत्यू होणार, असा संकेत माओरी लोक मानीत आले आहेत. इतका आनंदी पक्षी आणि त्याच्या माथी हे ओझे! पण कथेने त्याचे हसूच त्याचा अपराध ठरविला आहे, त्याला इलाज नाही.

ही कथा जगापुढे आली ती सर जॉर्ज ग्रे यांच्या पुस्तकामुळे. ग्रे हे १८४५ ते १८५३ या काळात न्यूझीलंडचे गव्हर्नर होते. माओरी सरदार पत्रांतून आणि भाषणांतून म्हणी, गीते, पुराणकथा यांचे दाखले देतात आणि ते कळल्याशिवाय राज्यकारभार करता येत नाही, या जाणिवेने त्यांनी कथा जमविल्या. १८५४ साली माओरी संहिता आणि १८५५ साली 'पॉलिनेशियन मायथॉलॉजी' हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. हेच ग्रे पुढे दक्षिण आफ्रिकेत केप कॉलनीचे गव्हर्नर असताना, १८५७ साली आपल्याकडे उठाव झाला तेव्हा त्यांनी तो मोडण्यासाठी तिकडून फौज रवाना केली होती. एका हाताने लोककथा जपणारा आणि दुसऱ्या हाताने लोकांना जरबेत ठेवणारा हा प्रशासकांचा वर्ग आपल्यालाही अपरिचित नाही.

ग्रंथावर नाव ग्रे यांचे. पण त्यातील कथांचा मोठा भाग लिहून देणारा माणूस होता ते रांगिकाहेके हा ते आरावा गणातील एक सरदार आणि जाणकार. मिशनऱ्यांकडून अक्षरओळख झालेल्या या माणसाने ग्रे यांच्यासाठी वंशावळी, विधी, गीते आणि कथा यांची मिळून आठशेच्या आसपास हस्तलिखित पृष्ठे भरली. माऊईची कथा प्रामुख्याने त्याच्याच लेखणीतून उतरली आहे. ग्रे यांनी मुद्रित पुस्तकात त्याला श्रेय दिले नाही. हस्तलिखिते मात्र टिकली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संशोधकांनी ती मुद्रित संहितेशी ताडून पाहिली, तेव्हा ते रांगिकाहेकेचे ऋण जगापुढे आले. तो १८९६ साली वारला होता.

याचा आपल्या विषयाशी संबंध असा. ते रांगिकाहेके आपल्या माणसांना ठाऊक असलेल्या गोष्टी लिहीत होता. बापाने 'तुझी थोर पूर्वजा' एवढे म्हटले की माओरी श्रोत्याच्या मनात तिची सारी कहाणी उभी राहत असे. इंग्रजी वाचकाला मात्र ती कोण, कोठली, क्षितिजावर का पहुडली आहे, याचा पत्ता नव्हता. त्याच्या वाट्याला फक्त धारदार दात आले. ती मागची कहाणी इतर गणांच्या परंपरांतून, १८८२ सालच्या एडवर्ड शॉर्टलंड यांच्या ग्रंथातून आणि पुढे १९१३ साली पर्सी स्मिथ यांनी छापलेल्या ते मातोरोहांगा या आचार्याच्या शिकवणीतून वाचकांना मिळत गेली. या शेवटच्या ग्रंथातील काही भागांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु मी जी कथा सांगणार आहे तिचा गाभा अनेक गणांत स्वतंत्रपणे आढळतो. नावे बदलतात, घटना तीच राहते.

आभाळ आणि पृथ्वी घट्ट मिठीत होती आणि मध्ये दाटलेल्या काळोखात त्यांची मुले कोंडली होती. ताने या पुत्राने पाय वर करून बापाला वर लोटले आणि जगात उजेड आला. पण पृथ्वीवर मानवी स्त्री नव्हती. तानेने कुरावाका नावाच्या जागी लाल मातीची स्त्री घडविली, तिच्या नाकपुड्यांत श्वास फुंकला. ती हिने-आहु-ओने, म्हणजे मातीतून आकारलेली. तिला तानेपासून मुलगी झाली. तिचे नाव हिने-तीतामा. ही पहाटेची मुलगी. उगवतीच्या पहिल्या तांबूस प्रकाशाचे रूप तिचे. ती मोठी झाल्यावर तानेने तिलाच पत्नी केले. तिला मुलेही झाली. आपला नवरा कोण आहे हे तिला ठाऊक नव्हते.

सभागृहात विद्यार्थी बसलेले आहेत याची मला कल्पना आहे. पण माओरी वडीलधाऱ्यांनी ही कथा आपल्या मुलांपासून कधी लपविली नाही, आणि ज्या कथेत एका मुलीवर झालेल्या अन्यायाचे नाव घेतलेले आहे, ती मुलांनी ऐकू नये असे मलाही वाटत नाही.

एके दिवशी तिने तानेला विचारले, माझे वडील कोण? तो म्हणाला, घराच्या खांबांना विचार. माओरी घराचे खांब पूर्वजांच्या आकृतींनी कोरलेले असतात. तेव्हा या उत्तराला अर्थ आहे, पण त्यात पळवाटही आहे. जे आपल्या तोंडाने बोलवत नाही ते त्याने लाकडावर सोपविले. खांब काही बोलले नाहीत. तिला मात्र सगळे उमजले.

यापुढे ती जे करते ते ध्यानात घेण्यासारखे आहे. ती त्याला शाप देत नाही, आपला जीवही देत नाही. ती उठते आणि रारोहेंगा या अधोलोकाच्या वाटेला लागते. दारावरचा रक्षक तिला सांगून पाहतो की मागे फीर, तुझ्यामागे उजेड आहे, पुढे अंधार. ती थांबत नाही. ताने रडत, विनवीत मागोमाग येतो. तेव्हा ती त्याला सांगते : तू परत जा, वरच्या उजेडात आपल्या मुलांना वाढव, मी खाली जाते, ती तिथे येतील तेव्हा त्यांना मी जवळ घेईन. तेथून पुढे तिचे नाव बदलले. पहाट होती ती महारात्री झाली.

श्रोतेहो, मृत्यू जगात का आला याची उत्तरे प्रत्येक समाजाने दिली आहेत. कोणी फळ खाल्ले, कोणी निरोप चुकीचा सांगितला, कोणी झाकण उघडले. येथे मात्र एका आईने ठरविले आहे की, आपली मुले शेवटी ज्या अंधारात येणार तिथे आधी जाऊन बसावे. लाजेने आणि संतापाने निघालेली ही स्त्री दारापाशी पोचेपर्यंत यजमानीण होते. मला या कथेतील हे वळण सर्वांत मोठे वाटते आणि कोशातील चार ओळींत नेमके तेच नाही.

आपल्या वाङ्मयाशी परिचय असलेल्यांच्या मनात एव्हाना ऐतरेय ब्राह्मणातील प्रजापतीची कथा आली असेल. प्रजापतीला स्वतःच्या कन्येचा मोह झाला. ती कन्या काहींच्या मते द्यौ, काहींच्या मते उषा, म्हणजे पुन्हा पहाटच. तो हरीण होऊन हरिणीरूप कन्येमागे गेला, तेव्हा देवांनी रुद्ररूप निर्माण करून त्याला बाणाने विंधविले. मृगनक्षत्राच्या रूपाने हे दृश्य आकाशात दिसते. लोकमान्यांनी १८९३ साली 'ओरायन' ग्रंथात या कथेचा ऊहापोह केला आहे. दोन्ही कथांचा उगम एक, असे अनुमान मी काढणार नाही. त्याला आधार नाही. पण फरक पाहण्याजोगा आहे. आपल्या कथेत अपराधाचा निकाल देव लावतात आणि मुलगी पुढे कथेतून नाहीशी होते. माओरी कथेत देव काहीच करीत नाहीत; जे करायचे ते मुलगी करते.

आणखी एक आठवण अपरिहार्य आहे. महाभारताच्या शांतिपर्वात मृत्यू ही ब्रह्मदेवापासून उत्पन्न झालेली स्त्री आहे. प्राण्यांचा संहार कर अशी आज्ञा होताच ती रडू लागते, नकार देते, दीर्घ तप करते. ब्रह्मदेव तिचे अश्रू ओंजळीत झेलतो आणि म्हणतो, हेच रोग होतील. माणसे त्यांनी मरतील, तुला दोष लागणार नाही. पुत्रशोकाने व्याकूळ झालेल्या एका राजाला ही कथा सांगितली जाते. रडणारी मृत्युदेवता आपल्याकडेही होती. आपण तिला विसरलो आणि रेड्यावर बसलेला यम तेवढा लक्षात ठेवला.

आता पुन्हा माऊईकडे वळू. हिने-तीतामाची कथा मनात ठेवून त्याचा शेवट ऐकला की दृश्य पालटते. तिच्या संमतीविना एका पुरुषाने एकदा तिच्या आयुष्यात प्रवेश केला होता. त्या अन्यायातून तिने मोठ्या कष्टाने एक जागा आणि एक काम निर्माण केले. आता तिचाच एक वंशज, ती झोपलेली असताना, चोरपावलांनी तिच्या देहात शिरू पाहतो. माऊई जन्माची वाट उलटी चालू पाहत होता. त्याला आईच्या उदरातून मागे, काळाच्या आरंभाकडे निसटायचे होते. ती मांड्या मिटते यात क्रौर्य आहेच, पण ते पहिल्या कथेतील 'माझे वडील कोण' या प्रश्नाचे फार उशिरा दिलेले उत्तरही आहे. मुलांसाठी केलेल्या इंग्रजी पुनर्कथनांत ही वाट संकोचाने पुष्कळदा गाळली जाते. संकोच समजण्यासारखा आहे, पण मग कथेत फक्त एक राक्षसीण उरते.

माओरी भाषा या बाबतीत साक्ष देते. 'फेनुआ' या शब्दाचा अर्थ भूमी, आणि वार असाही. बाळाची वार जमिनीत पुरण्याची चाल त्यांच्यात आहे. म्हणजे फेनुआ फेनुआला परत जाते. 'हापू' म्हणजे गर्भवती आणि 'हापू' म्हणजे कुळ. 'फानाऊ' म्हणजे जन्म देणे आणि कुटुंबही. गर्भाशयाला 'माणसाचे घर' म्हणतात. आणि 'पो' ही केवळ मृतांची रात्र नाही. सृष्टीच्या आधीची, जिच्यातून सर्व काही आले तीही 'पो'च. ज्या भाषेत उगम आणि शेवट यांना एकच शब्द आहे, त्या भाषेतील मृत्युदेवता गर्भाची आणि थडग्याची एकत्रच राखणदार असणार. मराठीत पहाटही स्त्रीलिंगी आणि रात्रही. पण त्या दोघी एकच, असे म्हणण्याचे धाडस आपल्या व्याकरणाने केले नाही.

या दोघांच्या भेटीची आणखी एक कथा आहे. तीत झटापट नाही, संवाद आहे. माऊई तिला म्हणतो, माणसाला चंद्रासारखे मरू दे. झिजावा, नाहीसा व्हावा आणि पुन्हा उगवावा. ती म्हणते, नाही. माणसाला मरू दे आणि मातीत जाऊ दे, म्हणजे त्याच्यासाठी कोणी रडेल.

या उत्तरावर मी बरेच दिवस विचार करीत आहे. परत येणाऱ्या चंद्रासाठी कोणी शोक करीत नाही, हे तिचे म्हणणे. शोक करण्याइतके मोल माणसाला यावे म्हणून तिने त्याला मर्त्य ठेवले. उरेवेरा डोंगराळ भागातील तूहोए गणाच्या बोलीत आपल्या माणसांविषयी आणि भूमीविषयी वाटणाऱ्या ओढीला 'मातेमातेआओने' असा शब्द आहे. त्यात 'माते' म्हणजे मरणे आणि 'ओने' म्हणजे माती, असे दोन्ही शब्द ऐकू येतात. 'माते' शब्दाला तीव्र ओढ, आस अशीही छटा आहे. मरण, माती आणि माया ही तिन्ही एका शब्दात मावतात. मराठी प्रतिशब्द शोधण्याचा मी प्रयत्न केला. 'जिव्हाळा' जवळ येतो, पण त्यात माती नाही.

इथवर ऐकून कोणाला वाटेल की वक्ता एका भयाण देवतेला गोंडस करून दाखवीत आहे. म्हणून मघाशी कबूल केल्याप्रमाणे मांगाइआ बेटावर जाऊ. न्यूझीलंडच्या ईशान्येला, कुक बेटांपैकी हे एक. तेथे १८५२ पासून वीस वर्षे राहिलेले मिशनरी विल्यम वायट गिल यांनी तेथील कथागीते जमवून १८७६ साली प्रसिद्ध केली. त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली ती आपल्या ऋग्वेदाचे संपादक माक्स म्युलर यांनी. मांगाइआतील मृत्युदेवता मीरू. नैसर्गिक मरणाने गेलेल्यांचे आत्मे मावळत्या सूर्यामागोमाग पश्चिमेच्या कड्यावरून निघतात. तेथे अधोलोकातून एक मोठा वृक्ष उगवून येतो; आत्मा त्याच्या फांदीवर चढतो आणि खाली उतरविला जातो. बुंध्याशी जाळे पसरलेले असते. जाळ्यात सापडलेल्याला मीरूपुढे नेतात, गुंगी आणणारे कावा हे पेय पाजतात आणि तिच्या सदा पेटलेल्या भट्टीत भाजतात. मीरू त्याला खाते. तिचा चेहरा भट्टीच्या धगीने लाल झालेला असतो.

येथे कोणतीही माया नाही. सज्जन असो वा दुर्जन, मीरूला सर्व सारखे. सुटतो तो एकच. जो रणांगणात पडला. त्याचा आत्मा आकाशात जातो. मांगाइआ लहान बेट. जमीन थोडी, लढाया पुष्कळ आणि जमिनीची वाटणी विजेत्याच्या हाती. अशा बेटावर अंथरुणात मरण्याची भीती घालणारी देवता कोणाच्या सोयीची होती, हे वेगळे सांगायला नको. देवता समाज घडवितात हे खरे. पण समाजही आपल्या गरजेप्रमाणे देवतेला दात बसवितो. गिल यांनी हे सर्व ख्रिस्ती झालेल्या बेटवासीयांकडून ऐकले आणि स्वतः नरकावर श्रद्धा ठेवून लिहिले, एवढी सावधगिरी बाळगूनही मीरूचे भय काल्पनिक वाटत नाही.

माओरींच्या रारोहेंगाचे चित्र या भट्टीहून किती निराळे आहे, याला आणखी एक कथा साक्ष आहे. माताओरा नावाच्या तरुणाने निवारेका या अधोलोकातील कन्येशी लग्न केले. पुढे मत्सरापोटी त्याने तिच्यावर हात उचलला. ती उठली आणि माहेरी, खाली निघून गेली. तो शोधीत गेला, तेव्हा तिचा बाप उएतोंगा कोणाच्या तरी चेहऱ्यावर छिन्नीने गोंदण कोरीत बसला होता. माताओराच्या चेहऱ्यावरचे रंगविलेले गोंदण त्याने हाताने पुसून टाकले. वरच्या जगात खरी कला नाही, तुम्ही नुसते रंग फासता, असे म्हणाला. मग त्याचा चेहरा कोरला. त्या वेदनेत माताओरा बायकोसाठी गात राहिला. तिने ते ऐकले. तिला वर पाठविण्यापूर्वी सासुरवाडीने त्याला बजावले की बायकोला मारणे ही वरच्या जगाची रीत आहे. येथे ती नाही. माओरींची गोंदणकला आणि काठविणीची कला या दांपत्याबरोबर अधोलोकातून वर आली, असे मानतात. परतताना माताओरा द्वारपालाला द्यायचे वस्त्र द्यायला विसरला, आणि त्या दिवसापासून जिवंत माणसांना ते दार बंद झाले.

म्हणजे दुसऱ्यांदा एक दुखावलेली स्त्री आसरा शोधीत खालीच गेली. वरच्या उजेडात अन्याय आहे, खालच्या अंधारात नाही, असे ही परंपरा दोनदा सांगते. आपल्या मनातील स्वर्ग-पाताळाची मांडणी घेऊन ही कथा वाचू लागलो की दर पावलाला ठेच लागते.

कोरीवकामातही ही देवता भेटते. माओरी सभागृह हा एका पूर्वजाचा देह मानलेला असतो. छताचे आढे हा कणा, वासे या बरगड्या. दारावरच्या कोरीव पट्टीत पुष्कळदा स्त्रीची आकृती असते आणि आत जाणारा प्रत्येक जण तिच्याखालून जातो. अलीकडच्या काळात चित्रकार रॉबिन काहुकिवा यांनी माओरी कथांतील स्त्रियांवर चित्रमालिका केली आणि लेखिका पॅट्रिशिया ग्रेस यांनी तिला शब्द दिले. १९८४ साली 'वाहिने तोआ' या नावाने ते पुस्तक आले. त्यात हिने-तीतामा आणि हिने-नुई-ते-पो या दोघी बोलतात, आणि शंभरावर वर्षे माऊईच्या बाजूने सांगितली गेलेली गोष्ट तिच्या बाजूने ऐकू येते. पुस्तक येऊन तीन वर्षे झाली तेव्हा, १९८७ साली, माओरी भाषेला न्यूझीलंडमध्ये राजभाषेचा दर्जा मिळाला. १८६७ च्या कायद्याने माओरी मुलांच्या शाळांत इंग्रजी माध्यम आणले गेले होते. आपली भाषा शाळेत बोलल्याबद्दल छड्या खाल्लेल्या पिढ्या त्या देशात होऊन गेल्या. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालविणाऱ्यांना याचे अधिक स्पष्टीकरण नको.

शेवटी तेथील अंत्यविधीविषयी सांगतो. कारण देवता ग्रंथात असते त्यापेक्षा विधीत अधिक जिवंत असते. पुढे बहुतेक माओरी ख्रिस्ती झाले, तरी 'तांगिहांगा' हा विधी टिकून आहे. 'तांगी' म्हणजे रडणे. मृताला कुळाच्या सभास्थानी, 'माराए'वर आणतात आणि सामान्यतः तीन दिवस ठेवतात. पेटी उघडी असते. या काळात त्याला क्षणभरही एकटे सोडीत नाहीत. घरच्या स्त्रिया दोन्ही अंगांना बसून राहतात. लांबून गटागटाने माणसे येतात, आणि प्रत्येक गटाचा वक्ता उभा राहून बोलतो तो यजमानांशी नव्हे, आधी मृताशी. त्याला नावाने हाक मारतो, जुन्या भांडणांची आठवण देतो, राहिलेले देणेघेणे बोलून दाखवितो, रागावतोही. मग त्याला निरोप देताना म्हणतात की जा, पूर्वजांकडे जा, रात्रीच्या थोर स्त्रीकडे जा. शेवटच्या रात्री गाणी होतात, गेलेल्याच्या फजितीचे किस्से रंगतात, सभागृह हास्याने भरून जाते. दफनाहून परतताना सर्व जण पाण्याने हात धुतात, जशी आपल्याकडेही रीत आहे, आणि एकत्र जेवतात. साधारण वर्षभराने पुन्हा जमून थडग्यावरील शिळेचे अनावरण करतात.

न्यूझीलंडच्या उत्तर टोकाला ते रेरेंगा वाइरुआ, म्हणजे आत्म्यांनी उडी घेण्याची जागा, या नावाचे भूशिर आहे. तेथे कड्याला धरून पोहुतुकावाचे एक जुने, खुरटे झाड उभे आहे. मृतांचे आत्मे त्याच्या मुळांवरून समुद्रात उतरतात असे मानतात. तेथून रोज सूर्य मावळताना दिसतो. बापाने माऊईला बोट करून दाखविलेली, उघडझाप करीत चमकणारी ती क्षितिजरेषा संध्याकाळी तेथे लालसर होते. आणि पहाटेचा रंगही तोच असतो.